ताप नाही

४ मार्च, मंगळवार

प्रकाशकांकडून नवी कादंबरी आली. तीनशे बारा पानं, वर चिठ्ठी: 'बाई, लेखक नवा आहे, पहिलंच पुस्तक. विषय फाशीचे कैदी. महिनाअखेरीस हवी.' मला आयुष्यात कुठलंच पुस्तक महिनाअखेरीस नको असलेलं मिळालेलं नाही.

सत्तावीस वर्षं प्रूफं तपासते आहे. माझी एक पद्धत आहे. पहिल्या वाचनात पात्रं जशी भेटतील तसं त्यांच्याविषयीचं पहिलं मत या वहीत लिहून ठेवायचं. एका कादंबरीत नायिकेची आत्या पान तीसवर वारली आणि पान दोनशे दहावर तिनं नायिकेला चहा करून दिला. लेखक, संपादक, अक्षरजुळणी करणारी मुलगी, कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण आत्या मला आवडली होती आणि ती गेल्याचं मी वहीत लिहिलं होतं. प्रकाशक तेव्हा म्हणाले होते, बाई, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा, कोणाला मारायचं ते लेखक बघेल. पण पान दोनशे दहावरून आत्याला त्यांनी काढलं.

आज वीस पानं झाली. लेखक सगळीकडे 'मृत्यु' ऱ्हस्व लिहितो. मृत्यू एकटा असला की दीर्घ, पुढे काही जोडलं की ऱ्हस्व. मृत्यू, पण मृत्युदंड. अकरा ठिकाणी दुरुस्त केलं.

ह्यांनी विचारलं, नवीन काय आलंय. सांगितलं. बरं म्हणाले आणि बाथरूमचा नळ गळतोय म्हणून पाना घेऊन आत गेले. नळ गळत नव्हता. आता गळतो.

५ मार्च, बुधवार

पहिली मतं.

शिंपी. वय बेचाळीस. भागीदाराला कात्रीनं मारलं. लेखकाला तो भयंकर वाटावा अशी फार इच्छा आहे, पण मला नीटनेटका वाटला. कोठडीत बसून घोंगडीच्या कडेचे टाके मोजतो आणि कुठे एखादा चुकला असला की अस्वस्थ होतो. त्याचं आणि माझं जमलं असतं.

मास्तर. वय पंचावन्न. फार बोलतो. एक वाक्य सोळा ओळींचं आहे. शिक्षा कशासाठी झाली ते अजून कळलेलं नाही. बोलण्यासाठी झाली असेल तर मी समजू शकते.

मुका. खरं म्हणजे मुका नाही, नुसता बोलत नाही. वय दिलेलं नाही. लेखकाला समासात विचारलं: 'वय?'

एक शंका आली म्हणून जेवताना ह्यांना विचारलं, फाशीच्या कैद्यांचे कपडे वेगळे असतात का. हे डॉक्टर, नोकरीची शेवटची अकरा वर्षं तुरुंगाच्या दवाखान्यात होते. खरूज, ताप, पोटदुखी. मला एवढंच माहीत, कारण विचारलं की एवढंच सांगायचे. तिथे फाशीच्या कोठड्या आहेत हे कानावर होतं, जसं मोठ्या दवाखान्यात शवागार असतं हे माहीत असतं. म्हणून आपण काही तिकडे डोकावत नाही.

हे वाटी बाजूला ठेवून बोलायला लागले. कपड्यांना नाडी नसते. पट्टा नसतो. चष्मा वाचून झाला की परत घेतात. दिवा रात्रभर जळतो, त्यामुळे ते तोंडावर हात ठेवून झोपतात, आणि पुढे कुठेही नेलं तरी तसेच झोपतात. दहा मिनिटं बोलत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, एवढं सलग बोललेले आठवत नाहीत. माणसाला रिकामपण खातं हेच खरं. या कादंबरीनं त्यांना थोडा विरंगुळा झाला तर बरंच आहे.

१० मार्च, सोमवार

प्रूफांवर पेन्सिलीच्या खुणा सापडल्या. मी पेन्सिल वापरत नाही.

पान ६४: 'शिपाई बसत नाही. उभा राहतो.' पान ७१: 'वजन महिन्यातून एकदा नव्हे. दर आठवड्याला. शेवटचे चार दिवस रोज.' अक्षर ह्यांचं, औषधाच्या चिठ्ठीवरचं. मला वाचता येतं, केमिस्टला यायचं नाही.

मी रागावले. आलेलं प्रूफ हे दुसऱ्याचं असतं, त्यावर घरातल्या माणसांनी लिहायचं नसतं. मी स्वतः सत्तावीस वर्षांत एक शब्दसुद्धा पदरचा घातलेला नाही. हे म्हणाले, चूक दिसली म्हणून लिहिलं, तूही तेच करतेस. मी म्हटलं, मी अक्षरांच्या चुका काढते, माणसांच्या नाही. त्यावर ते हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१२ मार्च, बुधवार

नवीन पात्र, पान ९७.

तुरुंगाचा डॉक्टर. लवंग चघळतो. कैद्याच्या तोंडाकडे न बघता वजनकाट्याकडे बघतो. सारखे हात धुतो. पहिलं मत: कोरडा माणूस. दुष्ट नसावा, पण असल्या माणसाच्या बायकोचं कठीण.

हे मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं, गंमत म्हणून. ह्यांनी विचारलं, हात का धुतो ते लिहिलंय का. नाही लिहिलं. मग म्हणाले, कितव्या पानावर आहे.

मी पान सांगितलं. सांगायला नको होतं. आता पुन्हा पेन्सिल.

१५ मार्च, शनिवार

पान दोनशे तीन.

शिंप्याला न्यायचं त्या दिवशी सकाळी अंगात ताप आहे. आजारी माणसाला फाशी देत नाहीत, तो बरा होईपर्यंत पुढे ढकलतात. ते डॉक्टरनं लिहून द्यायचं असतं. पण डॉक्टरला दुपारच्या गाडीनं मेहुणीच्या लग्नाला जायचं आहे, रजा मंजूर झालेली आहे. तो थर्मामीटर झटकतो आणि कागदावर लिहितो: ताप नाही. शिंपी जातो. डॉक्टर गाडी गाठतो. खिडकीजवळची जागा मिळते.

माझं पहिलं मत मी बदलते आहे. हा माणूस नीच आहे. लेखकानं इथे चांगलं लिहिलंय, एकही वेलांटी चुकलेली नाही. वाचून झाल्यावर पान तसंच टेबलावर ठेवून मी भाजी आणायला गेले.

परत आले तर हे टेबलापाशी बसलेले. चष्मा हातात. मी पिशवी रिकामी केली, भाजी निवडली, तरी तसेच. जेवायला नको म्हणाले. पित्त झालंय का विचारलं. म्हणाले, असेल.

१६ मार्च, रविवार

सकाळी फिरायला गेले नाहीत. मुलीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं, तुझ्या बाबांनी कालपासून धड खाल्लं नाही, पित्ताच्या गोळीचं नाव सांग. ती डॉक्टर आहे, तिच्या गावात तिचा छोटा दवाखाना आहे. तिनं विचारलं, झालं काय. काही नाही, मी प्रूफं बघतेय त्यातलं एक पान हे वाचत बसले होते. कसलं पान. मी सांगितलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू ते त्यांना का वाचायला दिलंस?"

मी म्हटलं, मी दिलं नाही, त्यांनी घेतलं. आणि वाचलं तर काय झालं, कादंबरी आहे.

"तुला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत असायला हवं?"

"काही नाही. गोळी लिहून घे."

लिहून घेतली. तिचा आवाज बसल्यासारखा वाटत होता. दवाखान्यात पेशंटांकडून काहीतरी लागलं असणार. गरम पाणी पी म्हणून सांगायचं राहिलं.

१९ मार्च, बुधवार

गोळीचा उपयोग नाही. हे दुपारी माझ्या समोर येऊन बसले आणि लेखकाचा पत्ता मागितला. मी म्हटलं, मुद्रितशोधकानं लेखकाला परस्पर भेटायचं नसतं, सगळं प्रकाशकांमार्फत. म्हणाले, मी मुद्रितशोधक नाही.

बरोबर होतं. प्रकाशकांना फोन केला. त्यांना वाटलं, प्रूफात काहीतरी मोठी भानगड निघाली. मी म्हटलं, नाही, ह्यांना फक्त तुरुंगाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ते खूश झाले. म्हणाले, अहो बाई, हे आधी का नाही सांगितलंत, मलपृष्ठावर डॉक्टरांचा अभिप्राय छापू.

लेखक शुक्रवारी येणार आहे.

२१ मार्च, शुक्रवार

सविस्तर लिहायला हवं. जमेल तसं लिहिते.

लेखक पाचला आला. तिशीचा असेल. विमा कार्यालयात दाव्यांचे अर्ज तपासतो. खुर्चीच्या कडेवर बसला आणि मला काकू म्हणाला. 'मृत्यू' दीर्घ असतो हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, त्याबद्दल त्यानं आभार मानले. मुलगा चांगला वाटला.

मी चहा करायला आत गेले. स्वयंपाकघरातून बाहेरचं सगळं ऐकू येतं.

ह्यांनी विचारलं, "पान दोनशे तीन तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सुचलं."

"कोणीतरी सांगितलं असेल. तिथला एखादा शिपाई, कारकून."

"नाही हो डॉक्टर. मी तुरुंग आतून बघितलेलासुद्धा नाही. परवानगी मागितली होती, मिळाली नाही."

मी कपबशा ट्रेमध्ये मांडल्या. मग हे म्हणाले, "मग ते लग्न चुकीचं आहे."

"म्हणजे?"

"मेहुणीचं लग्न नव्हतं. कुठलंच लग्न नव्हतं."

मी ट्रे घेऊन दारात आले होते. तिथेच थांबले. पुढचं ह्यांनी लेखकाला सांगितलं, माझ्याकडे पाठ होती. वजन का करतात, ते आधी सांगितलं. तब्येतीसाठी नाही. वजनावरून दोराची लांबी ठरते. ते वजन डॉक्टर करतो. सकाळी तपासून कागदावर सही डॉक्टर करतो. फाशीनंतर खाली जाऊन नाडी बघतो तोही डॉक्टरच. अकरा वर्षांत असं सात वेळा झालं.

त्यातला चौथा गवंडी होता. बायकोचा भाऊ मारला होता. त्याची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा रद्द झाली, कसला तरी कागद वेळेवर पोचला नाही म्हणून. दोन्ही वेळा त्याचं वजन केलं, आईला शेवटचं भेटायला बोलावलं, आणि दोन्ही वेळा आई आली, रडली, परत गेली. तिसऱ्या तारखेला सकाळी ह्यांनी हात लावला तर अंग भाजत होतं. थर्मामीटर लावला, एकशे दोन. हे फॉर्म काढून लिहायला बसले तर त्यानं ह्यांचं मनगट धरलं.

लेखकानं विचारलं, तो काय म्हणाला. ह्यांनी ते सांगितलं नाही. म्हणाले, "पुढे ढकलू नका, असा अर्थ होता. पुन्हा तो शेवटचा आठवडा मोजत बसणं त्याच्याच्यानं होणार नव्हतं. आईला चौथ्यांदा बोलवणंही नको होतं. मी लिहिलं, ताप नाही."

"पण मग डॉक्टर, तुम्ही तर…"

"थांबा. त्यानंतर चाळीस दिवसांनी वरून हुकूम आला. त्या वेळी कोठडीत होते त्या सगळ्यांची फाशी रद्द, जन्मठेप. त्याच्या शेजारच्या कोठडीतला सुटलासुद्धा. वेल्डिंग करतो म्हणे."

"पण एक ताप चाळीस दिवस कुठे टिकतो?"

"नाही टिकत. पण तारीख पुन्हा ठरायला महिना लागायचा. कधी दोन."

लेखक रडायला लागला. हे रडले नाहीत. मी पण नाही, ट्रे हातात होता. चहा गार झाला म्हणून परत आत जाऊन दुसरा केला. दूध उतू गेलं.

चहा घेताना लेखकानं नाक पुसलं आणि विचारलं, हे मी लिहू का. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, "तुमचा डॉक्टर आहे तसाच राहू द्या. वाचणाऱ्याला कुणाचातरी राग यायला पाहिजे. सोय असते ती."

मी म्हटलं, "प्रूफात फार बदल प्रकाशक चालवून घेत नाहीत."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"दोन पानं चालतात," मी म्हटलं.

मी असं का बोलले ते मला माहीत नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बोलले.

२२ मार्च, शनिवार

मुलीला फोन केला. तिला सहा वर्षांपासून माहीत आहे. तिनं पहिल्यांदा मृत्यूच्या दाखल्यावर सही केली त्या दिवशी ती बाबांशी बोलली होती, तेव्हा त्यांनी सांगितलं. तिनं त्यांना म्हटलं होतं, बाबा, तुम्ही बरोबर केलंत, पेशंटचं ऐकलंत. जेलरनंही त्या वेळी तेच म्हटलं होतं. सगळ्यांनी तेच म्हटलेलं आहे. आणि या सगळ्यांत मी नाही.

सहा वर्षं. दर सणासुदीला, दर वाढदिवसाला आम्ही तिघं एका टेबलावर जेवलोय, आणि त्यातल्या दोघांना माहीत होतं.

ह्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाले, तिला फॉर्म कळतो.

"आणि मला?"

"तू लगेच चूक काढतेस."

दिवसभर बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं असं नाही, पण जे सुचत होतं ते सगळं त्यांचंच म्हणणं खरं ठरवणारं होतं.

२३ मार्च, रविवार

दुपारी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. मी लग्नापासून लिहिते. हे स्टूल धरून उभे होते. विचारलं, काय शोधतेस. मी म्हटलं, तारखा सांगा.

त्यांना सातही तारखा पाठ होत्या. वारासकट.

त्यांनी तारीख सांगायची आणि मी त्या दिवशीचं वाचायचं, असं करत बसलो. पहिली: 'गिझर बिघडला. दुरुस्तीवाला आला नाही. हे सकाळी अकरालाच घरी आले, गार पाण्यानं आंघोळ केली. सर्दी होणार.' दुसरी: 'हे आज घरी. मी म्हटलं, घरी आहात तर पडदे उतरवून द्या. दिले.' तिसऱ्या तारखेला मी माहेरी होते. वहीत धाकट्या भावजयीबद्दल दीड पान आहे, ते वाचलं नाही.

चौथी. मी आधी मनात वाचून घेतलं. मग मोठ्यानं वाचलं. 'हे आज लवकर आले आणि नुसते खिडकीत उभे राहिले. म्हटलं, उभेच आहात तर कपाट त्या भिंतीला लावू. लावलं. खोली मोठी दिसते. हे फार चिडचिडे झालेत, कपाट हलवताना एक शब्द बोलले नाहीत.'

मी वही मिटली. म्हटलं, हे मी लिहिलंय.

हे म्हणाले, "कपाट जड होतं."

मी म्हटलं, मला दिसायला हवं होतं. अकरा वर्षं रोज लिहीत होते, दुसऱ्यांच्या पुस्तकातली मेलेली आत्या मला दिसते. म्हणाले, तुला दिसत नव्हतं म्हणूनच तर मी लवकर घरी येत होतो. घरी काहीतरी काम सांगणारं माणूस असायचं.

पाचवी, सहावी, सातवी वाचली नाही. वह्या परत माळ्यावर ठेवल्या नाहीत, कपाटात ठेवल्या.

२४ मार्च, सोमवार

पन्नास पानं. मास्तरला शिक्षा कशासाठी झाली ते शेवटी कळलं. लिहीत नाही. त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं ते मागे घेते.

२७ मार्च, गुरुवार

लेखकाकडून दोन नवी पानं आली. मेहुणीचं लग्न काढून टाकलंय. आता शिंपी डॉक्टरचा हात धरतो आणि बोलतो. अकरा ओळी बोलतो. जीवनाबद्दल, आकाशाबद्दल, धाग्याबद्दल. धागा दोनदा येतो. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी तरळतं. 'तरळतं' मध्ये 'ळ' बरोबर आहे, बाकी काही नाही.

मी ते ह्यांच्या पुढे ठेवलं आणि पेन्सिलही ठेवली. पेन्सिल मी विकत आणली आहे.

हे बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, एवढं बोलला नाही तो. ताप होता. ओठ सुकले होते.

मी विचारलं, "मग काय म्हणाला?"

हे खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "म्हणाला, बरं आहे, असं लिहा ना."

"एवढंच?"

"ना म्हणाला. लिहा ना. दुकानात उधारी मागतात तसं."

पेन्सिल घेऊन त्यांनी अकरा ओळींवर एक तिरकी रेघ मारली आणि समासात ते पाच शब्द लिहिले. या वेळी अक्षर केमिस्टलाही वाचता आलं असतं. डॉक्टरच्या डोळ्यांतलं पाणीही काढलं. मी विचारलं, ते का. म्हणाले, तेव्हा नव्हतं.

लेखकाला फोन करून वाचून दाखवलं. तो म्हणाला, काकू, हे असंच जाऊ दे. त्यात 'ना'नंतर पूर्णविराम असावा की नसावा यावर आम्ही थोडा वेळ बोललो. असावा असं ठरलं.

३० मार्च, रविवार

शेवटचं वाचन दुपारी साडेतीनला संपलं. एकूण मृत्यू त्र्याहत्तर, सगळे दीर्घ. मुक्याचं वय लेखकानं शेवटपर्यंत दिलं नाही. प्रूफं बांधून ठेवली, उद्या माणूस येईल न्यायला. मलपृष्ठावरच्या अभिप्रायाला हे नाही म्हणाले.

गॅसवर भात ठेवला होता, मटार सोलत बसले होते. हे समोर येऊन बसले आणि मूठभर शेंगा ओढून सोलायला लागले. मग विचारलं, "तू काय लिहिलं असतंस?"

मी म्हटलं, मी मुद्रितशोधक आहे, मी पदरचं काही लिहीत नाही.

म्हणाले, "चेष्टा नको. तू तिथे असतीस. हातात फॉर्म. त्यानं मनगट धरलंय."

मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. तुम्ही योग्य तेच केलंत. मुलगी तेच म्हणाली, जेलर तेच म्हणाला, आठवडाभर मी स्वतः आरशासमोर तेच म्हणून बघत होते आणि बऱ्यापैकी जमतही होतं. पण त्यांनी असं विचारलं की मला ते म्हणता येईना. शेंगांची सालं बाजूला केली. विचार केला. खरंच विचार केला.

मी म्हटलं, "ताप लिहिला असता."

त्यांचा हात थांबला.

"एकशे दोन," मी म्हटलं. "जेवढा होता तेवढा."

वाटलं, उठून जातील. नाही गेले. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाले, "हो. मलाही तसंच वाटतं. बरीच वर्षं वाटतंय. सगळे उलटं सांगतात, मग कुणाशी बोलणार." पुन्हा एक शेंग घेतली. "चला, घरात एकमत तरी झालं."

मग म्हणाले, "पण ताप लिहिला असता, तर पुन्हा तो आठवडा. पुन्हा ती आई. एकटा कसा काढणार होता तो?"

मी म्हटलं, "एकटा कशाला? तुम्ही बसला असतात त्याच्याजवळ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, बसलो असतो. पुन्हा म्हणाले, बसलो असतो गं. आणि तोंडावर दोन्ही हात धरून रडायला लागले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हे मी बघितलेलं नव्हतं. मोठ्यानं रडतात. मटार टेबलावरून घरंगळून गेले.

उठून गॅस बंद केला. परत आले ती समोर न बसता खुर्ची ओढून शेजारी बसले. भात थोडा कच्चा राहिला होता, तसाच खाल्ला दोघांनी.